पऱ्हे उपाशी, मग युरियाचा मारा

धान पोटरीवर आलेले होते. पवनी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीच्या ओसरीवर तुडतुड्याबाबत शेतकऱ्यांची सभा घेऊन मी उठत होतो. एक आजीबाई नातवाला घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. पोरगा दुसरीतला. हातात बिस्किटाचा पुडा. गाल भरलेले, शर्टाची खालची गुंडी पोटावर ताणलेली, पण हातपाय मात्र बारीकच. आजी कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, हा जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता जी. जगतो का नाही, असं झालं होतं. आता पहा, कसा भरला माझा नातू!"

सगळे हसले. मीही "छान, छान" म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. पण वाटेत एक बांधी दिसली आणि आजीचा नातू पुन्हा डोळ्यांपुढे आला. त्या शेतकऱ्याचे पऱ्हे पाण्यावाचून रखडले होते. पिवळ्या पडलेल्या, वय झालेल्या रोपांची त्याने उशिरा रोवणी केली आणि ती भरून निघावी म्हणून युरियाच्या गोण्यांवर गोण्या ओतल्या. धान हिरवेगार झाले, रस्त्यावरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा असे. पण फुटवे मोजके, बुंधा मऊ, आत तुडतुडा. पहिल्याच वाऱ्याने निम्मी बांधी लोळली.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याने धानावर लिहावे, पोराबाळांच्या वजनावर लिहायला दवाखान्याचे लोक आहेत. खरे आहे. मी डॉक्टर नाही, माझी पदविका शेतीची आहे. पण ज्या कारणाने आपल्या जिल्ह्यात बाळे हलकी जन्मतात, त्यातली निम्मी कारणे बांधीत आणि ताटात आहेत. ती माझ्या खात्याच्या वाटेवरच येतात. म्हणून हा लेख.

एकाच घरात दोन संकटे

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफचा एक अहवाल आला. जगभरात ५ ते १९ वर्षे वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के झाले आणि कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ९.२ टक्क्यांवर उतरले. म्हणजे लठ्ठपणाने पहिल्यांदाच रोडपणाला मागे टाकले. त्याच महिन्यात आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण माहात तेल आणि साखर कमी खा, असा प्रचार झाला.

ही शहराची गोष्ट, आपल्याला काय त्याचे, असे अनेकांना वाटले असेल. आपल्याकडे अजून कुपोषणच संपलेले नाही. तेही खरेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातली पाच वर्षांखालील ३२ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. पण त्याच पाहणीत जास्त वजनाची मुले २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेली दिसतात. शिवाय २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. ही सगळी मुले काही जाडजूड नव्हती.

आपण कुपोषणाची फाईल एका कपाटात ठेवतो आणि लठ्ठपणाची दुसऱ्या. एक गरिबाचा रोग, दुसरा श्रीमंताचा. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे ही दोन्ही संकटे पुष्कळदा एकाच मुलाच्या अंगात, एकामागून एक येतात. जे बाळ पोटात उपाशी राहिले, तेच पुढे चरबी साठवण्याच्या वाटेला सहज लागते.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवले

ही गोष्ट विलायतेतल्या पुस्तकातून आलेली नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या शेतकरी बायकांनी ती सिद्ध करून दिली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली. या स्त्रिया बहुतेक शेतात राबणाऱ्या. गरोदरपणाआधी त्यांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांचे होते ३.५ किलो.

आठशे ग्रॅमचा हा फरक कुठून आला, हे त्यांनी मोजले. बाळांच्या दंडाचा घेर आणि पोटाचा घेर फारच कमी होता. म्हणजे स्नायू कमी आणि पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजतात ती चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच होती. दिसायला किडमिडे बाळ, पण अंगातला चरबीचा वाटा जास्त. २००३ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना नवल वाटले.

मोठेपणीही हे वळण कसे टिकते, याचा गमतीचा पुरावा डॉ. याज्ञिकांनी स्वतःच्याच अंगाने दिला. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे ज्याला बीएमआय म्हणतात तो, तंतोतंत सारखा भरला, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. तराजूला दोघे सारखेच.

असे का होते? पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले की ते काटकसर करते. दुष्काळात आपण जे करतो तेच. थोडे पाणी असेल तर आपण ते बियाण्याच्या तुकड्याला देतो, बाकीचे शिवार राहू देतो. बाळ आधी मेंदू वाचवते. स्नायू, यकृत, मूत्रपिंड, साखरेचे इन्सुलिन बनवणारे स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. स्नायूंच्या तंतूंची संख्या बहुतांशी जन्माआधीच ठरून जाते, जशी धानाच्या फुटव्यांची गत रोवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरते. मागाहून खत टाकून फुटवे वाढत नाहीत. आणि खाल्लेल्या साखरेचा मोठा हिस्सा खर्च करतो तो स्नायूच. तोच कमी असेल तर जास्तीचे अन्न जाते कुठे? चरबीत, आणि तीही पोटाभोवती.

जन्माने लहान, आठव्या वर्षी मोठे

१९९९ साली पुण्याच्याच संशोधकांनी, के.ई.एम. मध्ये जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी केल्याचे निष्कर्ष मांडले. इन्सुलिनचे काम सर्वांत अडखळत होते ते कोणात? जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी जास्त होती, अशा मुलांत. नुसते हलके जन्मणे एक धोका. हलके जन्मून पुढे भराभर चरबी चढणे, हा सर्वांत मोठा. पऱ्हे उपाशी आणि मग युरियाचा मारा, तो हाच.

दिल्लीतही जन्मापासून नोंदी ठेवलेल्या सुमारे दीड हजार लोकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठेपणी ज्यांना मधुमेह झाला किंवा साखर बिघडली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे वजन उंचीच्या मानाने वेगाने वाढत गेले होते. लक्षात घ्या, बाराव्या वर्षी ती मुले लठ्ठ म्हणण्याजोगीही नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती "चांगली भरलेली"च वाटली असणार.

पोटातल्या उपासमारीची वेळही महत्त्वाची असते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. पुढे तिथल्या तीन लाख तरुणांच्या नोंदी १९ व्या वर्षी तपासल्या. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्या मुलांत लठ्ठपणा जास्त होता. शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने ज्यांनी उपासमार काढली, त्यांच्यात उलट कमी होता. म्हणजे हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. आणि दुसरे टोकही विसरू नका. आईला गरोदरपणी मधुमेह असेल तर बाळ गरजेपेक्षा मोठे जन्मते आणि त्यालाही पुढे लठ्ठपणाचा धोका असतो. म्हणून गरोदरपणात साखरेची तपासणी चुकवू नये.

आपल्या बांधीत काय घडते

आता आपल्या जिल्ह्याकडे या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. ती पहाट इथला कोणी विसरलेला नाही. त्यानंतर विजेच्या तारांची, आग विझवण्याच्या साधनांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण असे कक्ष ज्यांच्यासाठी लागतात, ती कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळे येतात कुठून, याची चर्चा गावात कितीशी झाली? देशात वजनाची नोंद झालेल्या दर १०० बाळांमागे सुमारे १८ बाळे अडीच किलोपेक्षा कमी भरतात.

आपल्याकडे पावसाळा म्हणजे रोवणी. पहाटे स्वयंपाक, मग दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम, संध्याकाळी पुन्हा चूल आणि पाणी. गर्भारपण आहे म्हणून कोणी मजुरी सोडत नाही. रोवणी ठेक्याने घेतलेली असेल तर टोळीतली एक बाई कमी झालेली बाकीच्यांना परवडत नाही. पुण्याच्या त्या सहा गावांत हेही मोजले होते. घरकाम आणि शेतकाम मिळून ज्या स्त्रियांवर कष्टाचा भार जास्त, त्यांची बाळे हलकी. वाकून रोवलेली प्रत्येक पात आईच्या ताटातून आणि बाळाच्या वाट्यातून काहीतरी घेऊन जाते.

आणि ताटात काय असते? भात. सकाळी भात, रात्री भात, सोबत पातळ वरण किंवा आलूचा रस्सा. पोट भरते, पण पोट भरणे आणि बाळ भरणे यात अंतर आहे. पुण्याच्या पाहणीत एक गोष्ट ठळक दिसली. आईने एकूण किती अन्न खाल्ले, यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध होता. त्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते, भाजीपाल्यात नसते. ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचे काम सर्वांत अडखळताना दिसले. याचा अर्थ दवाखान्यातल्या लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा, असा मुळीच नाही. त्या घ्यायच्याच. त्यांच्या जोडीला बी-१२ देणारे अन्नही हवे, एवढाच अर्थ.

आता गंमत पहा. आपला जिल्हा तलावांचा. मामा तलावांत मासळी आहे, परड्यात कोंबड्या आहेत, पावसाळ्यात बांधावर तरोटा आहे, परसात अंबाडी आणि कोचईची पाने आहेत. जे पुण्याकडच्या गावांना विकत घ्यावे लागेल, ते आपल्या दारात आहे. तरी ते गर्भारणीच्या ताटात जात नाही. मासोळी आली की आधी पुरुषांच्या, मग पोरांच्या ताटात. सुनेला उरलेला रस्सा. अंडी विकायला. वर सासू सांगते, "जास्त खाऊ नको बाई, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल." ही समजूत आपल्या आयांनी त्यांच्या आयांकडून घेतली, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. एके काळी जवळ दवाखाना नव्हता, अडलेले बाळंतपण म्हणजे मरणच होते. आता काळ बदलला. समजूत तीच राहिली.

आम्ही शेतीखात्याची माणसेही यात निर्दोष नाही. पाणी आले तिथे उन्हाळी धान आले, चांगले झाले. पण धानामागून उतेऱ्यावर येणारी लाखोडी, जवस, धुऱ्यावरची तूर आमच्या सभांमधून मागे पडली. हेक्टरी क्विंटल आम्ही मोजले, घरी शिजणारी डाळ कोणी मोजली नाही.

बी टाकण्याआधीची मशागत

उपाय केव्हापासून सुरू करायचा, याचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात मिळते. तिथे स्त्रियांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. सरसकट पाहिले तर बाळाच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांनी तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरले. आधीच फार बारीक असलेल्या स्त्रियांना मात्र तेवढाही लाभ दिसला नाही. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चिखलणी नीट झाली नाही तर वरून केलेल्या कष्टाचे चीज होत नाही. म्हणून सुरुवात सुनेपासून नाही, शाळेत जाणाऱ्या मुलीपासून करायची. तिचे लग्न घाईने करायचे नाही, आणि तिच्या ताटात भावाइतकेच वाढायचे.

करता येण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. घरामागे दोन गुंठ्यांची जागा असेल तर पालक, चवळाई, अंबाडी, शेवग्याचे एक झाड, जांबाचे एक झाड. सांडपाण्यावर हे जगते. चार कोंबड्या असतील तर एक अंडे गर्भारणीचे, ते बाजाराला जाणार नाही. तलावाची मासोळी निघेल त्या दिवशी पहिला वाटा तिचा. धानामागून थोडी डाळ घरापुरती पेरायचीच. अंगणवाडीतून गरोदर बाईच्या नावाने येणारा आहार तिनेच खायचा, घरभर वाटायचा नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये मिळतात. ते पंप दुरुस्तीला न जाता तिच्या विश्रांतीच्या दिवसांना जावेत.

"मग याला उपाशी ठेवू का?"

काही दिवसांनी पुन्हा त्या गावात गेलो तेव्हा आजीबाईंना यातले जमेल तेवढे सांगितले. त्या रागावल्या. "मग काय याला उपाशी ठेवू का साहेब?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर स्पष्ट आहे. मुळीच नाही. हलक्या बाळाची वाढ व्हायलाच पाहिजे, नाहीतर ते जगणार नाही, त्याचा मेंदू वाढणार नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नाही. त्यानंतर घरचे मऊ अन्न: वरण, भाजी, अंडे, दही, मासोळीचा काटे काढलेला तुकडा. आशाताई घरी येते तेव्हा वजन करून घ्यावे. पुढे अंगणवाडीत वजनासोबत उंचीही विचारावी. आपण "किती किलो झाला" एवढेच विचारतो. उंची वाढत नाही आणि वजनच चढते, तर समजावे की युरिया पडतो आहे.

टाळायचे आहे ते दुसरेच. पुड्यातली बिस्किटे, पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे, साखर घातलेली ताकदीची पावडर, रंगीत पाणी, आणि हे खात टीव्ही-मोबाईलपुढे बसणे. स्नायू कामाने होतो. पोराला पळू द्या, झाडावर चढू द्या.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझी मोठी मुलगी जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅमची होती. तिच्या आईच्या सातव्या महिन्यात आमच्या घरची रोवणी सुरू होती आणि मी दुसऱ्यांच्या बांध्यांवर सल्ले देत फिरत होतो. पुढे ती बारीक म्हणून दर बाजाराला तिच्यासाठी बिस्किटांचे पुडे मीच आणले. शाळेच्या आरोग्य तपासणीत तिचे वजन जास्त निघाले, तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. ते पुडे बंद केले, ती आता सायकलने शाळेत जाते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. ते त्याच्याही आधी, आईच्या ताटात आणि तिच्या कष्टात दिसू लागतात. त्या आजीबाईंची सून आता पुन्हा गरोदर आहे. रोवणी येईल तेव्हा तिला सहावा महिना असेल. गेल्या खेपेला ती शेवटच्या पातीपर्यंत चिखलात होती. या खेपेला तिच्या जागी कोण उभे राहणार, तिची मजुरी कशी भरून निघणार, हे त्या घराने आणि टोळीने पऱ्हे टाकण्याआधीच ठरवायला हवे. तुमच्या गावातही अशी एखादी सून असेल. विचारून पहा.